चाळीस घरं अन् एकच मत

सर्व्हेवाल्या कंपनीचा पहिला नियम असा, का ज्याले प्रश्न इचारायचे तो मानूस एकटा बसेल पाहिजे. हा नियम ज्यानं केला त्यानं आमचं गाव पाह्यलं नसन. आमच्या गावात मानूस एकटा एकाच ठिकाणी सापडते, अन् तिथं त्याले दाराबाहेरून प्रश्न इचारनं बरं दिसत नाई. मेल्यावर बी चार जन संग असतातच.

पन मले काम पाहिजे होतं. काम म्हनजे तरी काय, बाबाच्या तोंडाले कुलूप पाहिजे होतं. मी दहावी अर्धी सोडली. शिलाईचा क्लास सोडला, कारन तिथली बाई मले म्हने जीभ आवर. तालुक्याच्या गावाले, मालेगावले, पार्लरचा कोर्स सोडला, कारन तिथं मी एका गिऱ्हाइकीनले खरं सांगतलं. मंग एक दिवस जेवता जेवता बाबानं ताट सरकवलं अन् म्हने, एक काम, एकच, हातात घे अन् शेवटपर्यंत करून दाखव. करशीन तर मी जल्मात शाळेचं नाव काढनार नाई. नाई करशीन तर जूनमंदी सतरा नंबरचा फॉर्म.

सतरा नंबर म्हनजे शाळा सोडलेल्यानं बाहेरून दहावीले बसायचा फॉर्म. तसं वाईट काई नाई त्यात. पन माहा चुलतभाऊ अंकुर, ज्याचं नाक मी माह्या ओढनीनं पुसलं, तो औंदा दहावीत हाये. त्याच्या बाकावर बसून, त्याच्याच वयाच्या पोट्ट्याईसंग मी पेपर लिहू? माहं नाव संस्कृती हाये. हे नाव घरच्यांनं बारशालेच ठेवून टाकलं. वर्षभर थांबून सोभाव पाह्यला असता तर दुसरं काई ठेवलं असतं. पन इज्जत मले बी हाये.

म्हून मी सर्व्हेचं काम घेतलं. अठरा पूर्ण पाहिजे अन् फोन पाहिजे, बाकी कंपनीले काई नोको होतं. मालेगावले एक दिवस ट्रेनिंग झालं. धीरज सर म्हनून एक सुपरवायझर होते अकोल्याचे. त्याईनं सांगतलं, आपल्याच गावातली चाळीस घरं करायची, एका घरात एक मानूस. फोनवर प्रश्न येतात ते वाचायचे, उत्तर दाबायचं, आवाज रेकॉर्ड होते. आपलं मत सांगायचं नाही. कोणाचं उत्तर कोणाला सांगायचं नाही, मेलं तरी नाही. हे शेवटचं त्याईनं माह्याकडं पाहून सांगतलं. काहून ते मले समजलं नाई. मी तवा फक्त बाजूच्या पोरीले तिची टिकली वाकडी हाये एवढंच सांगून राह्यली होती.

आता दुसरा नियम. घरातला कोनता मानूस घ्यायचा हे आपन ठरवायचं नाई, तो फोन ठरवते. फोन म्हनते, घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येते तो मानूस द्या.

पहिल्या घरी गेली. घरात सहा जन. आधार कार्डं पाह्यली. सहाईचा वाढदिवस एक जून.

दुसऱ्या घरी गेली. बुढ्याचा एक जून, बुढीचा एक जून, पोराचा एक जून, सुनंचा एक जून. सून तर रिसोडकडून आनेल हाये, पन तिकडं बी मास्तरच होते. ज्याले ठाऊक नसन त्याच्यासाठी सांगतो, आमच्याकडं मानूस जन्मते कवाबी, पन शाळेत टाकलं का मास्तर एक जून लिहिते. पोट्टं सहा वर्साचं बसलं पाहिजे, बस. आमच्या गावात पुऱ्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी असते अन् केक कोनीच कापत नाई. फोन बिचारा गोल फिरून राह्यला. मले म्हने पुन्हा प्रयत्न करा. मी फोनले काय म्हनली ते रेकॉर्ड झालं, ते मले नंतर समजलं.

धीरज सरले फोन केला तर ते म्हनाले, बरोबरीत आले तर वयानं मोठा घ्या. म्हनजे पुऱ्या गावात बुढे अन् बुढ्या.

बरं, बुढा घेतला. पन बुढा एकटा कुठं असते? मी ओट्यावर बसून पहिला प्रश्न वाचत नाई तर शेजारचे तिघं आले. एक जन म्हने, हे कोन्या पार्टीचं हाये ते आधी सांग, मंग उत्तर देऊ, म्हनजे बरोबर देता येईन. दुसरा म्हने, घरकुलाचं असन, पक्कं घर सांगू नोको. तिसरा म्हने, लेकरू उन्हातून आलं, त्याले पानी द्या, अन् पानी आनाले गेला तो फोनसमोरून बकरी घेऊनच आला. माहं पहिलं रेकॉर्डिंग अजून कंपनीत असन. त्यात मानसाच्यापेक्षा बकरीचं मत जास्त हाये.

त्या दिवशी संध्याकाळी शालिकराम आबानं मले पारावर बोलावलं.

शालिकराम आबा म्हनजे सरपंच नाई. सरपंच कोन होईन ते ठरवनारा मानूस. किन्हीराजा गावाच्या अलीकडं फाट्यावरून आत वळलं का आमचं गाव लागते, अन् फाट्यावर पाटी हाये, बिनविरोध ग्रामपंचायत. मले समजते तवापासून गावात निवडनूकच झाली नाई. मारोतीच्या पारावर बसायचं, आबा नाव सांगतात, मंग इचारतात, “इरोध कोनाचा?” कोनी बोलत नाई. चहा येते. संपलं. अन् पारावर बोललं ते बोललं. एका मानसानं एकडाव रागात शेजाऱ्याले म्हनलं का घे माही गोऱ्ह्याची जोडी, अन् सकाळी खरंच नेऊन देली. त्याची बायको अजून त्या घरावरून जाताना तोंड फिरवते.

आबानं मले सगळे प्रश्न वाचाले लावले. मतदानाचा प्रश्न होता. परदेशातून खायचं तेल येते त्याच्यावरचा कर वाढवावा का कमी करावा, असा एक होता. अन् शेवटी एक होता, गेल्या पन्नास-साठ वर्षांत तुमच्या भागात झालेलं सर्वांत महत्त्वाचं काम कोणतं, आणि त्याचं श्रेय कोणाला द्याल?

आबा इचारात पडले. त्याईले वाटलं हे गावाचं इन्स्पेक्शन हाये. चाळीस घरं चाळीस तऱ्हेचं बोलले तर गावाची काय इज्जत राहीन? म्हून तिथंच ठराव झाला. मताचं म्हनायचं, मत गुप्त हाये. तेलाचं म्हनायचं, कर वाढवा, कारन बाहेरचं तेल आलं का आपल्या सोयाबीनले भाव राहात नाई. कामाचं म्हनायचं, फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता. श्रेय? श्रेय गावाचं. इरोध कोनाचा?

कोनाचाच नाई. चहा आला.

मी खरं सांगतो, मले लय बरं वाटलं. दोन दिवसात माही सगळी घरं झाली. मी वाचाच्या आधीच लोकं उत्तर देत. एक बुढी तर मले पाहून चुलीजवळूनच ओरडली, गुप्त, वाढवा, रस्ता, गाव, जाय आता. मी रात्री बाबाले म्हनली, झालं. बाबानं माह्याकडं पाह्यलं, जसं उभ्या पिकात डुक्कर नाई शिरलं यावर इस्वास बसून नाई राह्यला. मायनं गूळ देला.

तिसऱ्या दिवशी धीरज सरचा फोन. सगळी घरं रिजेक्ट.

“संस्कृती, तू घरी बसून फॉर्म भरलेस,” ते म्हनाले. “चाळीस माणसांची उत्तरं शब्दाला शब्द सारखी कशी? आणि सगळे एक जूनला जन्मले? खोटं तरी नीट करायचं.”

मी आजपर्यंत लय कामं अर्धी सोडली, पन खोटं काम नाई केलं. माह्या डोक्यात अशी तिडीक गेली का मी फोनवर काय बोलली ते कंपनीनं पुन्हा रेकॉर्ड केलं. चाळीस घरचं पानी पेली मी. एका घरी कुत्रं लागलं मागं. अन् हा मानूस अकोल्यात पंख्याखाली बसून मले खोटी म्हनते. मी म्हनली, तुमी या अन् पाहा. मले वाटलं नोकरीवाला मानूस, काय येते. पन तो आला.

जऊळक्याच्या टेशनावर गाडीनं उतरले, तिथून जीपनं फाट्यावर, फाट्यावरून पायी, कारन आमच्या महत्त्वाच्या कामावर, म्हनजे रस्त्यावर, जीपवाला येत नाई. त्याईच्या पँटीले गुडघ्यापर्यंत धूळ. आल्याबरोबर त्याईनं तीन घरं निवडली अन् सोताच प्रश्न इचारले. गुप्त, वाढवा, रस्ता, गाव. तिन्ही घरी. मंग आधार कार्डं पाह्यली. लय येळ कार्डाकडंच पाहात राह्यले. मी इचारलं का सर तुमचा कवा येते वाढदिवस. त्याईनं कार्ड खाली ठेवलं. मंग हळूच म्हनाले, “माझाही एक जूनच आहे.” मास्तर सगळीकडचे सारखे.

त्याच्यानंतर ते जरासे नरम झाले. पारावर बसून त्याईनं आबाले समजावलं, का असं चालत नाही, प्रत्येकाचं स्वतःचं मत पाहिजे, वेगळं असलं तरी चालतं. आबाले हे नवीन होतं. त्याईनं इचारलं, “वेगळं म्हनजे किती वेगळं पाहिजे?” सर म्हनाले, जे असेल ते. मले त्याईनं रविवारपर्यंत मुदत देली अन् फाट्याकडं निघून गेले. मांगून बाबा म्हने, सतरा नंबरची तारीख इचारून ठेवतो. माह्या पायाले फोड आले होते अन् माहं अख्खं काम शून्यावर आलं होतं, अन् त्याच्यात माही काईच चूक नोती, हे सांगाले बी मले तोंड नोतं, कारन याच्याआधी दर येळी मी हेच सांगतलं होतं.

आबानं सरचं बोलनं मनावर घेतलं. मानूस वाईट नाई तो, गावासाठी काईबी करन. दुसऱ्या दिवशी पारावर बोलावलं अन् म्हने, कंपनीले इरोध पाहिजे, तर आपन इरोध देऊ, पन शिस्तीत. वरच्या आळीनं म्हनायचं कर वाढवा. खालच्या आळीनं म्हनायचं कमी करा. अर्ध्याईनं श्रेय सरकारले द्यायचं. अर्ध्याईनं, आता आबानं जरा खाकरलं, अर्ध्याईनं श्रेय खुद्द आबाच्या वडलाले द्यायचं, जे बहात्तरच्या दुष्काळी कामावर मुकादम होते. इरोध कोनाचा?

मी डोकं धरून बसली. भांडन सुद्धा हे लोकं वाटून घेऊन राह्यले होते, जसं पोळ्याची वर्गनी.

पन खालची आळी बिघडली. त्याईचं म्हननं, आमचं बी सोयाबीन हाये, आमीच काहून कमी करा म्हनायचं? उद्या सरकारनं ऐकलं म्हनजे? वरची आळी म्हने, मंग आमी म्हनावं काय? दोन्ही आळ्या एकमेकाच्या अंगावर आल्या, अन् मजा अशी का दोघाईचं मत एकच होतं. कर वाढवा यावर गाव एक होतं, त्याच्यासाठीच हानामारी होऊन राह्यली होती.

तवा बेबीबाई बोलली. फाट्यावर बेबीबाईची भज्याची गाडी हाये. ती बायांच्या घोळक्यात मांग उभी होती, कडेवर पोत्याचा गठ्ठा. ती म्हने, “खालच्या आळीले काहून तरास देता? मी म्हनतो ना कमी करा. मनापासून म्हनतो.”

अख्खा पार मांग वळला.

तिचा नवरा पुढंच बसेल होता. त्याचं सोयाबीन घरात पडेल हाये भावाची वाट पाहात. तो म्हने, काय बोलून राह्यली तू? ती म्हने, तेलाचा पिपा मी आनतो का तू? तुह्या सोयाबीनचा भाव वर्सातून एकडाव येते. माही कढई रोज पेटते. सरकारले सांग, का सोयाबीन महाग घ्या अन् तेल सस्त द्या. नवरा म्हने, असं कसं होईन वं? ती म्हने, ते सरकारनं पाहावं, तुले काहून चिंता, तू काय दिल्लीत बसते? त्यानं पाय आखडून घेतले. त्याचे पाय भज्याच्या पैशानंच चपलीत होते, हे गावाले ठाऊक हाये.

मले वाटलं आता आबा दाबतीन तिले. पन त्याईचा आवाज निंघायच्या आधी प्रयागबाई उठली. प्रयागबाई म्हनजे आमच्या गावातली अशी बुढी का जिले पाहून कुत्रे बाजूले होतात. ती म्हने, तेलाचं जाऊ द्या, मले त्या रस्त्याचं सांगा. श्रेय मुकादमाले कायचं? खडी कोनं फोडली? मी चौदा वर्साची होती. ह्या हातानं फोडली. माह्या मायनं फोडली. दिवसभर फोडायची अन् संध्याकाळी सरकार वाटे ती सुकडी खायची. मुकादम सावलीत बसून हजेरी घ्याचा.

आबा म्हने, “मोतीबाईची पोर ना तू? तुही माय त्या कामावर आलीच नोती. ती माहेरी होती.”

“तू बारा वर्साचा होता,” प्रयागबाई म्हने, “अन् सुकडीच्या रांगेत दोनदा घुसायचा. तुले काय आठवते, पोट भरेल मानसाले?”

हे ती आबाले, पुऱ्या गावासमोर, अरे-तुरे करून म्हनली. लोकं खाली पाहाले लागले. मंग तांड्यावरचे हेमसिंग बाबा, जे नुसतेच तंबाखू मळत बसले होते, ते म्हने का रस्ता दुष्काळाच्या आधीपासूनच होता, त्याईच्या आज्याच्या बैलगाड्याईनं पाडला, गावानं फक्त वरून खडी टाकली. आता तीन इतिहास झाले. प्रत्येक जन उठून आपल्या बापाले रस्त्यावर आनून उभा करू लागला. कोनाचा बाप टोपली वाहे, कोनाचा बाप सायबाले जेवाले घाली, एकाचा बाप म्हने त्या रस्त्याच्या इरोधात होता, त्याचं बी श्रेय त्याले पाहिजे. ज्या रस्त्यावर आज जीप येत नाई, त्याच्यासाठी एवढे बाप भांडून राह्यले होते.

त्या दिवशी चहा आला नाई. पहिल्यांदा असं झालं. आबानं धोतर झटकलं अन् घरी निघून गेले.

माहं काम मात्र सोपं झालं. आता ज्याच्या घरी जाईन तो सोताहून दार लावून घे. शेजारचे आले तर बुढी म्हने, व्हा तिकडं, माहं मत चालू हाये. कोनाचं कर वाढवा, कोनाचं कमी करा, एका घरी तर बुढ्यानं दोन्ही सांगतलं अन् म्हने तुले जे बरं वाटन ते दाब. मी म्हनली तसं नाई चालत आजोबा. तर ते मले म्हने, मंग पुन्हा वाच, अन् डोये मिटून ऐकत राह्यले, जसं पोथी चालू हाये. मताचा प्रश्न आला का आवाज असा बारीक करत का मले फोन त्याईच्या तोंडाले लावा लागे. मी आजपर्यंत या लोकाईले पाहात आली. पन त्याईच्या घरात, दार लावून, ते एकटे काय बोलतात ते मले ठाऊक नोतं. ते अन् पारावरचे लोकं, वेगळेच लोकं हायेत.

मी ते सांगनार नाई. नियम हाये.

पन गावात बोलनं बंद झालं. बेबीबाईचा नवरा भजे खाले दुसरीकडं जाऊ लागला. प्रयागबाई अन् आबाच्या घरची सून एका नळावर पानी भरेना. अन् सगळ्याईनं मले धरलं, का या पोट्टीनं गाव फोडलं. माय दळन आनाले गेली तर तिले दोघीजनी बोलल्या. घरी येऊन मायनं माह्याकडं पाह्यलं अन् दळनाचा डबा जरा जोरात ठेवला, बस.

रविवार उजाडला अन् एक घर राह्यलं. आबाचं. घरात मोठे तेच, म्हून तेच पाहिजेत. दोनदा गेली, दोनदा सून म्हने झोपले हायेत. तिसऱ्यांदा गेली तर मले खिडकीतून त्याईचे जागे डोये दिसले. एरवी मी तिथंच काईतरी बोलली असती, अन् काम संपलं असतं, म्हनजे कायमचं. पन मले बाकावरचा अंकुर दिसला. मी तोंड मिटून ओट्यावर बसली. ऊन सरकलं, मी सरकली. बाबा शेतातून येताना दुरून पाहून गेले.

मंग आबा सोता बाहेर आले. म्हने, “चाल कोठ्यात.”

ढोराच्या कोठ्यात आमी दोघं, अन् एक म्हैस. आबानं मले पाटी उलटी करून बसाले देली, सोता उभे राह्यले. म्हने, हे बाहेर जाते का? मी म्हनली नाई. म्हने, पारावर? मी म्हनली नाई. म्हने, तुह्या बापाले? मी म्हनली, मेली तरी नाई. मी प्रश्न वाचाले सुरुवात केली. पहिल्याच प्रश्नाले ते एवढा येळ थांबले का फोनले वाटलं मानूस गेला. दुसऱ्याच्या तोंडातून सांगायची सवय त्या मानसाले. सोताचं काय सांगावं ते त्याईले सापडून नोतं राह्यलं.

“मले असं कोनी इचारलंच नाई आजपर्यंत,” ते म्हनाले.

मंग त्याईनं सगळी उत्तरं देली. तेलाचं देलं. शेवटचं, रस्त्याचं बी देलं. ते देताना ते म्हशीकडं पाहून बोलले. बोलून झाल्यावर हौदातलं पानी तोंडावर मारलं अन् आतमंदी गेले.

काय बोलले, ते मी सांगनार नाई.

रात्री धीरज सरचा मेसेज आला. सगळी घरं पास. म्हने तुमच्या गावासारखी खरी उत्तरं पुऱ्या तालुक्यात नाहीत. मी तो मेसेज बाबापुढं धरला. बाबानं चष्मा लावून दोनदा वाचला, चष्मा काढला अन् म्हने, ठीक हाये, सुटली तू. मानूस जबानीचा पक्का. मी त्या रात्री अशी झोपली का सकाळी मायनं उठवलं तवा माह्या गालावर चटईची नक्षी होती.

इथंच थांबलं असतं तर काय बिघडत होतं?

पन संध्याकाळी मले पारावर बोलावनं आलं. लय दिवसानं सगळे होते. प्रयागबाई मधात बसेल, आबा खांबाले टेकून, बेबीबाईचा नवरा अन् बेबीबाई दोन टोकाले. प्रयागबाई म्हने, सर्व्हे झाला ना, आता निकाल सांग. रस्ता कोनाचा? आबा काय बोलला कोठ्यात ते सांग, म्हनजे मिटलं.

मी म्हनली, सांगता येत नाई, नियम हाये.

मंग जो तो सुरू झाला. एक म्हने, गावातलं गावाले सांगाले कायचा नियम? एक म्हने, कंपनीले सांगतलं, अकोल्याच्या त्या मानसाले सांगतलं, अन् आमी काय परके? बेबीबाईचा नवरा म्हने, आबाचं जाऊ दे, माही बुढी माय तेलाचं काय बोलली ते तरी सांग, घरात दोन बाया एका बाजूनं झाल्या का काय ते मले समजू दे. मी बाबाकडं पाह्यलं. वाटलं बाप हाये, सोडवन. बाबा हळूच म्हने, “नुसतं हो का नाई एवढं सांग ना, पोरी.”

अन् आबा. त्याईचा चेहरा असा उतरला होता का मले वाटलं मानूस खांबावरून घसरन. ते माह्याकडं पाहून राह्यले होते. एवढा मोठा मानूस, ज्याच्या एका शब्दावर सरपंच होतात, तो एका दहावी नापास पोट्टीच्या तोंडाकडं पाहून राह्यला होता. नापास बी नाई, मी पेपरच देले नोते.

प्रयागबाई उठली. माह्याजवळ आली. म्हने, “समजलं. म्हातारड्यानं पटवलं तुले. हिचं कोनतं काम कवा पूर्न झालं, का हे होईन? अर्धं ऐकलं असन अन् अर्धं सोडून आली असन.”

हे तिनं बोलाले नोको होतं. उन्हात बसून, पायाचे फोड फोडून, दात-ओठ आवळून मी जल्मात पहिल्यांदा एक काम पूर्न केलं होतं. माह्या डोक्यात पुन्हा तीच तिडीक गेली. मी पारावर उभी राह्यली अन् पुऱ्या गावाले ऐकू जाईन अशी बोलली.

“कोनाचं एक अक्षर सांगनार नाई. सांगन्यापेक्षा मी दहावीले बसीन.”

बोलली, अन् मले समजलं.

बाबाचं तोंड उघडं. आबा खांबापासून सरळ झाले. त्याईच्या चेहऱ्यावर रंग परत आला, असा का जसं पंपाले लाइन आली. कुठं प्रयागबाई अजून काई बोलन, कुठं कोनी इचारन, त्याच्या आधी त्याईनं घसा साफ केला अन् हात वर केला.

“संस्कृती दहावीले बसते,” ते म्हनाले. “सर्व्हेचं कोनी तिले पुन्हा इचारनार नाई. इरोध कोनाचा?”

मी एकेकाकडं पाह्यलं. बेबीबाईनं मान हलवली, तिच्या नवऱ्यानं बी हलवली, अन् ते एकमेकाकडं पाहून राह्यले होते. हेमसिंग बाबा तंबाखू मळत होते. प्रयागबाईनं आबाकडं एकडाव पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् पदर सावरून खाली बसली. बाबानं तर दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले, चुकून वर जाऊ नये म्हून. चाळीस घरं, जी तेलावर एक झाली नाई, रस्त्यावर एक झाली नाई, ती माह्यावर एक झाली. मांगून चहाच्या कपबश्या वाजल्या.

मी एकटीनं हात वर केला.

“खाली कर वं तो हात,” आबा म्हनाले. “जिचा ठराव तिले मत नसते.”